'नक्को'पासून सुरुवात

"मुलगे उशिराच बोलतात. याचे चाचा चार वर्षांचे होईपर्यंत तोंड उघडत नव्हते, आता त्यांना गप्प करावे लागते." आमचा धाकटा दोन वर्षांचा झाला आणि घरी येणाऱ्या जवळपास प्रत्येकाकडून हे वाक्य आम्हाला ऐकायला मिळू लागले. म्हणणाऱ्यांच्या मनात माया होती, यात शंका नाही. आणि वाक्य अगदीच खोटे नाही. काही मुले खरोखरच उशिरा बोलतात आणि पुढे त्यांचे काही अडत नाही. अडचण एवढीच की, नुसते उशिरा बोलणारे मूल कोणते आणि मदतीची गरज असलेले मूल कोणते, हे केवळ शब्द मोजून कळत नाही. त्यासाठी शब्दांच्या आधीचे बोलणे पाहावे लागते.

शब्दांच्या आधीचे बोलणे म्हणजे काय? वर्षा-सव्वा वर्षाचे मूल बोट दाखवू लागते. खिडकीत कावळा दिसला की ते कावळ्याकडे पाहते, मग आईच्या तोंडाकडे, मग पुन्हा कावळ्याकडे. "तूही बघ ना," असेच ते सांगत असते. दादीने सलाम म्हटले की हात कपाळाला नेते. आमच्या धाकट्याची आपा त्या वयात हे सगळे करत होती. तो करत नव्हता. पाणी हवे असले की तो आमचे मनगट धरून माठापाशी नेई आणि आमचा हात तोटीवर ठेवी, पण तोंडाकडे पाहत नसे. नावाने हाक मारली तर वळत नसे. बिस्किटाच्या पुड्याची सळसळ मात्र त्याला दुसऱ्या खोलीतून ऐकू येई.

बालरोगतज्ज्ञ ज्या खुणा सांगतात, त्या लहान मूल असलेल्या प्रत्येक घराने लक्षात ठेवाव्यात. १२ महिन्यांपर्यंत बडबड नाही, बोट दाखवणे किंवा टाटा करणे नाही. १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. २४ महिन्यांपर्यंत स्वतःच्या मनाने दोन शब्द जोडलेले नाहीत. आणि कोणत्याही वयात, आलेले शब्द गळून गेले. यांपैकी एक जरी गोष्ट दिसली तर "बघू अजून सहा महिने" असे न म्हणता मूल दाखवून घ्यावे. दाखवल्याने काही बिघडत नाही. मूल केवळ उशिरा बोलणारे निघाले, तर तेवढीच चिंता मिटते.

पहिली तपासणी कानाची. बिस्किटाचा पुडा ऐकू येतो म्हणजे सगळे ऐकू येते असे नसते. काही मुलांना जाड आवाज ऐकू येतात आणि बोलण्यातले बारीक आवाज निसटतात. म्हणून मूल झोपलेले असताना डोक्याला छोट्या तारा चिकटवून 'बेरा' नावाची चाचणी करतात. त्यात आवाज मेंदूपर्यंत पोहोचतो की नाही ते कळते. दुखत नाही, सुई नाही. आम्हाला मिरजेतच ही सोय मिळाली. मुंबईत बांद्र्याला १९८३ पासून याच कामासाठी एक राष्ट्रीय संस्था आहे. महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेल्या अली यावर जंग यांचे नाव तिला दिलेले आहे. कान आणि वाचा या दोन्हींच्या तपासण्या आणि उपचार तिथे होतात.

आमच्या मुलाचे कान नीट होते. तो दोन वर्षे आठ महिन्यांचा असताना डॉक्टरांनी स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, असे सांगितले. हा मेंदूच्या जडणघडणीतला फरक आहे. तो जन्मापासूनचा असतो. कुणाच्या संगोपनाने होत नाही, कुणाच्या नजरेनेही होत नाही. अमेरिकेतले डॉक्टर लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अशा अकरा मुलांचे वर्णन पहिल्यांदा सविस्तर लिहिले. त्यानंतर बरीच वर्षे तिकडच्याही शहाण्या लोकांनी दोष आईच्या माथी मारला. आईच्या थंडपणामुळे मूल असे होते, असे ते म्हणत. पुढे ती समजूत खोटी ठरली आणि डॉक्टरांनी ती सोडून दिली. आपल्याकडे लग्नाच्या दावतीत मात्र ती अजून ऐकू येते: "आई मशीनवर शिवत बसते, पोराशी बोलणार कोण?" आमच्या घरात शिलाई मशीन आहे, एस.टी.ची ड्युटी आहे, आणि त्याच घरात वाढलेली आपा सकाळपासून रात्रीपर्यंत बोलत असते. यापेक्षा वेगळे उत्तर आम्ही कुणाला दिले नाही.

तीन वर्षे दोन महिने. त्या वयातल्या दोन रात्री आम्ही विसरणार नाही. तो डोके भिंतीवर आपटत होता. घेतले तर ओरडे, सोडले तर आपटे. भूक असेल म्हणून दूध दिले, पोट असेल म्हणून पोट चोळले, कुणी दात म्हणाले, कुणी हट्ट. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी कानात दिवा घातला तेव्हा आत पू दिसला. एवढे दुखत असताना त्या मुलाकडे आम्हाला सांगायला काहीच साधन नव्हते. त्या दिवशी आमच्या मनातली मागणी बदलली. याने चारचौघांच्या मुलांसारखे बोलावे, कविता म्हणावी, पाहुण्यांना नाव सांगावे, हे सगळे मागे पडले. याला काय हवे, काय नको आणि कुठे दुखते एवढे सांगता यावे, ही आमची मागणी झाली. पुढची तीन वर्षे आम्ही त्याच एका गोष्टीवर काम केले.

आठवड्यातून एकदा आम्ही वाचा उपचार करणाऱ्या ताईंकडे जाऊ लागलो. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "मी याला आठवड्यात पाऊण तास भेटणार. बाकीचा आठवडा तुमचा. म्हणून मी त्याला कमी आणि तुम्हाला जास्त शिकवणार आहे." त्यांनी जे शिकवले ते महागडे नव्हते, पण वरवर पाहता उलटे वाटणारे होते.

पहिली गोष्ट: "बोल, बोल" म्हणणे बंद. "अम्मी म्हण, मग देते," हेही बंद. शब्द ही परीक्षा झाली की मूल त्यापासून पळते. "हे काय आहे? ते काय आहे?" असे प्रश्नही कमी. त्याऐवजी तो ज्या वस्तूकडे पाहतो आहे तिचे नाव आपण घ्यायचे, एका शब्दात. तो पंख्याकडे पाहत असेल तर "पंखा". पंखा फिरला तर "पंखा फिरला". त्याच्याकडे शून्य शब्द असतील तर आपण एक बोलायचा. एक असेल तर दोन. आपली लांबलचक वाक्ये त्याच्या दृष्टीने नुसता गोंगाट असतात.

दुसरी गोष्ट: त्याच्या डोळ्यांच्या उंचीला बसायचे. उभ्या माणसाचे तोंड छोट्या मुलाला दिसतच नाही.

तिसरी आणि सर्वांत अवघड गोष्ट: थांबायचे. झोका दोनदा द्यायचा, तिसऱ्या वेळी हातात धरून ठेवायचा आणि मनात दहापर्यंत मोजायचे. काही म्हणायचे नाही, फक्त त्याच्याकडे पाहायचे. सुरुवातीला तो पाय झाडी. मग एक दिवस त्याने मान वर करून आमच्या तोंडाकडे पाहिले, आणि आम्ही लगेच "झोका!" म्हणून झोका सोडला. शब्द आला नव्हता, पण त्याने पाहून मागितले होते. ताईंच्या वहीत त्या दिवशी तीच प्रगती म्हणून लिहिली गेली.

चौथी गोष्ट: मागायला कारण ठेवायचे. बिस्किटे त्याला दिसतील पण उघडता येणार नाहीत अशा घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत. पुडा एकदम हातात न देता अर्धे अर्धे बिस्कीट. सगळे न मागता मिळत असेल तर बोलायचे कशाला? छळायचे मात्र नाही; डबा पुढे केला, हात लावला, आपल्याकडे पाहिले, की लगेच द्यायचे.

या चारही गोष्टी घरात सर्वांत चांगल्या कुणाला जमल्या असतील, तर त्याच्या दादीला. तिला घाई नव्हती. ती मुळातच जमिनीवर चटईवर बसायची, कमी बोलायची आणि पान लावताना पाच-पाच मिनिटे गप्प राहायची. तिचे सुपारीचे डब्बे उघडायला तो तिच्यापाशी जायचा, आणि ती डबा हातात धरून, काही न बोलता त्याच्याकडे पाहत बसायची. दादीने दुआ कधी सोडली नाही, आणि 'बेरा'ची तारीखही तिनेच लक्षात ठेवली होती. दुआ आणि उपचार यांचे आमच्या घरात कधी भांडण झाले नाही.

घरातल्या माणसांनी हे काम करणे म्हणजे तज्ज्ञ परवडत नाहीत म्हणून केलेली तडजोड, असे कुणाला वाटेल. तसे नाही. इंग्लंडमध्ये पालकांना शिकवण्याची अशी एक पद्धत तयार झाली होती. ती आपल्याकडच्या घरांना जुळवून घेऊन गोवा आणि पाकिस्तानातले रावळपिंडी या दोन ठिकाणी करून पाहिली गेली. २ ते ९ वर्षांची ६५ मुले त्यात होती. पालकांना शिकवणारे लोक डॉक्टर नव्हते, तर प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते. पालक आणि मूल खेळतानाचे चित्रण करून ते पालकांसोबत पाहायचे, आणि मुलाच्या कोणत्या हालचालीला आपण कसा प्रतिसाद दिला यावर बोलायचे, अशी ती पद्धत. २०१६ मध्ये 'लॅन्सेट सायकायट्री' या नियतकालिकात निष्कर्ष छापून आले: पालक मुलाच्या कलाने अधिक घेऊ लागले आणि मुले आपणहून संवादाला अधिक सुरुवात करू लागली. सगळे प्रश्न सुटले नाहीत, पण मराठी, कोकणी, उर्दू बोलणाऱ्यांच्या या भागातली घरे हे करू शकतात, एवढे दिसून आले.

आता एक नाजूक गोष्ट. साडेतीन वर्षांचा असताना आमचा मुलगा पाणी मागू शकत नव्हता, पण मशिदीच्या भोंग्यावर ऐकलेली अजान सुरासकट जशीच्या तशी म्हणायचा. नात्यातले लोक खूश झाले. "माशाअल्लाह, एवढे येते म्हणजे याला काही झालेले नाही," असे म्हणाले. ऐकून आम्हालाही बरे वाटायचे, आणि आजही तो म्हणतो तेव्हा आम्ही थांबून ऐकतो. पण पाठ म्हणणे आणि बोलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वमग्न मुलांपैकी अनेकांना ऐकलेले तसेच्या तसे उच्चारता येते. त्या आवाजांचा उपयोग करून दुसऱ्या माणसाला काही सांगणे हे निराळे कौशल्य आहे. असे मूल घरात असेल तर त्याच्या पाठांतराचा आनंद जरूर घ्यावा, पण त्यावरून तपासणी पुढे ढकलू नये.

ही घोकणी निरर्थक नसते, हेही ताईंनी दाखवून दिले. मिरज जंक्शनवर आम्ही त्याला गाड्या दाखवायला नेत असू. घरी तो मधूनच "यात्रीगण कृपया ध्यान दें" असे म्हणायचा. आठवडाभर वहीत टिपून ठेवले तेव्हा कळले की तो हे बहुतेक वेळा दाराजवळ, चपलांपाशी म्हणतो. म्हणजे त्याला बाहेर जायचे असायचे. मग तो तसे म्हणाला की आम्ही त्याच्या बाजूने बोलू लागलो: "बाहर जाना." तसेच "तुला पाणी पाहिजे?" असे विचारले की तोही पाणी हवे असताना "तुला पाणी पाहिजे?" असेच म्हणायचा. म्हणून आम्ही प्रश्न टाळून त्याच्या तोंडी शोभेल असेच वाक्य बोलू लागलो: "पानी होना."

या 'पानी होना'वरून एक मोठा प्रश्न उभा राहिला. आमच्या घरात दखनी बोलतात, गल्लीत आणि शाळेत मराठी. एका बालवाडीत आम्हाला सांगण्यात आले की घरची भाषा पूर्ण बंद करा, एकच भाषा ठेवा, नाहीतर तो कधीच बोलणार नाही. अनेक मुस्लिम घरांना हा सल्ला मिळतो, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो. दखनी बंद केली असती तर दादी त्याच्याशी मुकी झाली असती, आणि आम्हीही रागात, लाडात, झोपेत ज्या भाषेत बोलतो ती सोडून पुस्तकी बोलू लागलो असतो. ताईंनी ठाम सांगितले की दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाचे बोलणे मागे पडत नाही. कॅनडासारख्या देशांत दुभाषिक घरांतल्या अशा मुलांवर अभ्यास झाले, त्यांत दोन भाषांमुळे जादा उशीर झालेला आढळला नाही. ज्या भाषेत घरातले लोक सहज आणि भरपूर बोलतात, तीच भाषा मुलाला द्यावी. दुसरी त्यात मिसळत येते.

आणि झालेही तसेच. त्याचा कामाचा पहिला शब्द चार वर्षांचा व्हायला एक महिना असताना आला. तो 'अम्मी' नव्हता, 'अब्बू' नव्हता. आपा त्याच्या ताटात वांग्याची भाजी वाढत होती. त्याने ताट मागे ओढले, तिच्याकडे पाहिले आणि म्हणाला, "नक्को."

आपाने वाढलेले परत घेतले. ताईंनी बजावून ठेवले होते की पहिला 'नको' नेहमी मानायचा, म्हणजे शब्दाने काम होते हे मुलाला कळते. दखनीतला हा 'नक्को' मूळचा मराठीच. शेकडो वर्षांच्या शेजारात आपल्या बोलीने तो उचलला आणि आपला केला. त्यामुळे कोणत्या भाषेत बोलावे या वादाचा निकाल त्याने अशा शब्दाने लावला, जो दादीलाही कळला आणि अंगणवाडीच्या ताईंनाही. त्यानंतरचे कित्येक महिने घरात 'नक्को'चे राज्य होते. आंघोळ नक्को, टोपी नक्को, पाहुणे नक्को. एवढा नकार ऐकून कुणी आनंदी होत असेल तर ते घर आमचे होते.

शब्दांच्या सोबतीला आम्ही चित्रे ठेवली होती. माठ, झोका, संडास, चप्पल, दूध, आणि कान, पोट, दात, डोके यांचे फोटो फोनवर काढून झेरॉक्सच्या दुकानात छापून, लॅमिनेट करून, एका कडीत ओवले. काहींनी भीती घातली की चित्र दाखवायची सवय लागली तर मूल बोलायचा आळस करेल. यावरही पुष्कळ अभ्यास झाला आहे. चित्रांमुळे किंवा यंत्रामुळे बोलणे थांबत नाही, उलट बऱ्याच मुलांचे बोलणे वाढते. आता फोनवरही सोय आहे. आयआयटी मुंबईत तयार झालेले 'जेलो' आणि चेन्नईचे 'आवाज' ही ॲप चित्राला बोट लावले की त्याच्या वतीने बोलतात. काही मुले तोंडाने कधीच फारसे बोलत नाहीत. त्यांच्यासाठी ते चित्र हेच बोलणे आहे, आणि त्याचा मान बोलण्याइतकाच ठेवला पाहिजे.

तो पाच वर्षांचा असताना गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात एका रात्री उठून बसला. रडला नाही, भिंतीकडे गेला नाही. उशीजवळची कडी ओढली, कानाचे चित्र आमच्या हातात दिले आणि म्हणाला, "कान नक्को." सकाळी दवाखाना उघडायच्या आधी आम्ही दारात होतो. कान लाल झाला होता, पू व्हायच्या आत औषध मिळाले. आम्ही जे मागितले होते ते हेच होते. अल्हम्दुलिल्लाह.

खर्चाबद्दल आणि हक्कांबद्दल थोडे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या २१ प्रकारांना मान्यता आहे, त्यांत स्वमग्नता आहे. सरकारी रुग्णालयातून प्रमाणपत्र आणि त्यावरून 'यूडीआयडी' कार्ड काढता येते. 'राष्ट्रीय न्यासा'ची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना अशा मुलांसाठी वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत मदत देते, आणि तीत वाचा उपचारांसारख्या नियमित उपचारांचाही समावेश आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीत आणि शाळेत येणारे डॉक्टरांचे पथक भाषेतला उशीर आणि स्वमग्नता पाहून मुलाला पुढे जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवू शकते. आशाताईंना विचारले तर त्या मार्ग सांगतात. उलट, "सहा महिन्यांत पूर्ण बरा करू" असे म्हणून लाखोंची स्टेम सेलची इंजेक्शने सुचवणारे भेटतात. आम्हालाही भेटले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रक्ताच्या काही आजारांपलीकडे तो मान्य उपचार नाही. घरातले दागिने अशा ठिकाणी घालवू नयेत.

आज तो साडेसहा वर्षांचा आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीत जातो. दोन-तीन शब्दांची वाक्ये बोलतो; अनोळखी माणसाला त्यातले निम्मे कळते. पुढे तो किती बोलेल ते अल्लाहलाच ठाऊक. अमेरिकेत २०१३ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात, चार वर्षांच्या वयात वाक्ये न बोलणाऱ्या ५३५ स्वमग्न मुलांची माहिती पाहिली गेली. आठ वर्षांच्या पुढे त्यांतली सुमारे ७० टक्के मुले छोटी वाक्ये बोलत होती, आणि जवळपास निम्मी सफाईने बोलत होती. म्हणून चार-पाच वर्षे झाली, आता काही होत नाही, असे म्हणून कुणी हात टेकू नयेत. आणि उरलेल्या ३० टक्के मुलांच्या आई-वडिलांनी कमी कष्ट केले, असेही कुणी समजू नये.

वाचकांकडे आमचे एकच मागणे आहे. ईदला, लग्नात, दवाखान्याच्या बाकावर तुम्हाला असे मूल भेटेल. त्याला "नाव काय तुझे? बोल ना, जीभ नाही का?" असे विचारू नका. त्याच्या उंचीला बसा, सलाम करा आणि मनात दहापर्यंत मोजा. कदाचित हात कपाळाकडे जाईल, कदाचित जाणार नाही. त्याची आई शेजारीच असेल. तिच्याशी मुलाच्या चुकांबद्दल बोलण्याऐवजी, तुमच्या गावात वाचा उपचार कुठे होतात हे तुम्हाला माहीत असेल तर तेवढे तिला सांगा.